पवित्र शास्त्रांतील संख्या आणि आपलें पन्नासावें वर्ष

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवापूर्वीच्या रविवारीं सायंकाळीं चर्चच्या पटांगणांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या ह्या देवमंदिरास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत, ह्याबद्दल परमेश्वराचे उपकार मानावे तितके थोडेच. ज्यांनीं डोक्यावर विटा वाहिल्या, ज्यांनीं घरचें धान विकून छपराचीं कौलें आणलीं, त्यांपैकीं पुष्कळजण आज आपल्यांत नाहींत. त्यांचें स्मरण महोत्सवाच्या मिस्साबलिदानांत होणारच आहे. आज मात्र मला एका निराळ्या विषयावर बोलावयाचें आहे. महोत्सवाच्या तयारीची सभा चालली असतां एका आजीबाईंनीं विचारलें, "फादर, पन्नासच कां? अठ्ठेचाळीस किंवा बावन्न वर्षें झालीं असतीं, तर तीं देवाला कमी आवडलीं असतीं काय?" सभेंत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. पवित्र शास्त्र संख्यांनीं भरलेलें आहे. त्या संख्या तेथें कां आल्या, कोठून आल्या आणि त्यांच्याशीं आपण कसें वागावें, हें ठाऊक नसलें म्हणजे माणसाचें केवढें नुकसान होतें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

दोन प्रसंग सांगतों. पहिला माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे, म्हणून तो आधीं. कांहीं वर्षांपूर्वीं ह्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका गांवीं मी असतांना एक वृद्ध शेतकरी मजकडे आला. त्याच्या हातांत कोणीतरी वांटलेलें एक पत्रक होतें. प्रकटीकरणाच्या ग्रंथांतील श्वापदाची संख्या ६६६ घेऊन, तिच्या नाना बेरजा-वजाबाक्या करून, जगाचा अंत अमुक वर्षीं होणार असें त्यांत सिद्ध केल्याचा आव आणला होता. "बाबा, हें खरें काय?" असें त्यानें भीतभीत विचारलें. मी घाईंत होतों. मी हंसलों, "असल्या कागदाची पुडी बांधावी," एवढें बोललों आणि निघून गेलों. दोन महिन्यांनीं कळलें कीं, "आतां शेत कोणासाठीं ठेवावयाचें?" असें म्हणून त्यानें तळ्याखालची आपली उत्तम बांधी एका परगांवच्या माणसास पडेल त्या किंमतीस विकून टाकली. तें वर्ष आलें आणि गेलें. पुढच्या पावसाळ्यांत तो दुसऱ्याच्या बांधींत मजुरीनें रोवणीस गेला. त्यानें मला कधीं बोल लाविला नाहीं. पण रोवणीच्या दिवसांत त्या वाटेनें जातांना माझें तें हंसणें मला अजून ऐकूं येतें.

दुसरा प्रसंग अलीकडचा. नागपुरास शिकणारा आपल्यांतलाच एक तरुण सुटींत घरीं आला होता. तो म्हणाला, "फादर, जलप्रलयाची कथा बाबेलच्या लोकांत आधींपासून होती. साताचें माहात्म्यही तिकडचें, गुलामांस सोडण्याची चालही तिकडची. मग आपलें शास्त्र उसनें आहे, असेंच ना?" त्याच्या आईस वाटलें, मुलगा बिघडला. मला तसें वाटलें नाहीं. ज्याला प्रश्न पडतो तो अद्याप घराच्या उंबरठ्याच्या आंत आहे. एकास संख्येचें भय वाटलें, दुसऱ्यास संख्येच्या माहेराचें. मीं दोघांचेंही देणें लागतों. तें आज फेडावयाचा प्रयत्न करतों.

प्रथम आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे पहा. आपण संख्या केवळ मोजण्यासाठीं वापरतों काय? लग्नाच्या अहेरांत आपण पन्नास किंवा शंभर देत नाहीं. एकावन्न देतों, एकशें एक देतों. तो वरचा एक रुपया हिशेबाचा नव्हे, पुढें वाढत राहो अशा आशीर्वादाचा आहे. खळ्यावर धान मापतांना पहिल्या मापास 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणण्याची चाल आपल्या वडिलांनीं पाळली. 'पांचामुखीं परमेश्वर' म्हणतों तेव्हां सहावा माणूस बोलला तर परमेश्वर निघून जातो, असें कोणी समजत नाहीं. 'बारा बलुतेदार' म्हणतों. पण ते मोजूं लागलें तर ह्या गांवीं एक यादी आणि त्या गांवीं दुसरी. यादी बदलते, बारा बदलत नाहींत. कां? कारण बारा म्हणजे 'गांव पुरें झालें', एवढाच त्याचा अर्थ.

आतां पवित्र शास्त्र उघडा. इस्राएलाचे वंश बारा. परंतु लेवीच्या वंशास जमिनीचा वांटा मिळाला नाहीं, तेव्हां योसेफाच्या वंशाचे एफ्राइम आणि मनश्शे असे दोन भाग धरून बारा पुरे केले. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायांत वंशांचीं नांवें मोजा: तेथें दानाचें नांव नाहीं, तरी संख्या बाराच. यहूदा इस्कर्योत गेल्यावर प्रेषितांनीं पहिलें काम कोणतें केलें? मत्थियास निवडून बारा पुरे केले. हा अंकगणिताचा हट्ट नव्हता. प्रभूनें नवें इस्राएल उभें केलें आहे, त्याचा एकही कोपरा रिकामा नाहीं, हें त्यांस जगाला सांगावयाचें होतें.

सात ही संख्या तर शास्त्राच्या पहिल्याच ओळींत विणलेली आहे. उत्पत्तीच्या ग्रंथाचें पहिलें वाक्य मूळ इब्री भाषेंत मोजून सात शब्दांचें आहे. दुसरें त्याच्या दुप्पट, चौदा शब्दांचें. सृष्टीचे दिवस सात. इब्री भाषेंत 'सात' आणि 'शपथ घेणें' हे शब्द एकाच धातूच्या रूपाचे आहेत. म्हणून अब्राहामानें अबीमलेखाशीं करार करतांना सात मेंढ्या वेगळ्या काढल्या आणि त्या विहिरीचें नांव बैरशेबा पडलें. आपल्याकडे लग्नांत सात पावलें चालल्यावर वचन पक्कें होतें. तिकडे सातानें शपथ पक्की होत असे. चाळीस ही संख्या कसोटीची: प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, मोशे पर्वतावर चाळीस दिवस, इस्राएल रानांत चाळीस वर्षें, एलियाचा प्रवास चाळीस दिवस, आणि आपल्या प्रभूचा उपवास चाळीस दिवस. आपला उपवासकाळ ह्याच माळेंतला मणी आहे.

कुलपित्यांच्या वयांकडेही पहा. अब्राहाम १७५ वर्षें जगला, इसहाक १८०, याकोब १४७. पाटी घेऊन बसा. १७५ म्हणजे पांचाचा वर्ग सातपट. १८० म्हणजे सहाचा वर्ग पांचपट. १४७ म्हणजे साताचा वर्ग तिप्पट. पांच, सहा, सात ह्यांचे वर्ग चढत जातात आणि सात, पांच, तीन असे गुणक उतरत येतात. योसेफ ११० वर्षें जगला; पांच, सहा आणि सात ह्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर ११० होते. शिवाय योसेफ मिसरांत मेला, आणि प्राचीन मिसरी लोक ११० वर्षें हेंच धन्य माणसाचें पूर्ण आयुष्य मानीत. ही केवळ जन्ममृत्यूची नोंदवही नव्हे. बाप, लेक, नातू आणि पणतू ह्यांचीं आयुष्यें एकाच हातानें मापलेलीं आहेत, असें पवित्र लेखक आपणांस संख्येच्या भाषेंत सांगत आहे.

येथें माझा तरुण मित्र विचारील, "परंतु हीं मापें त्यानें आणलीं कोठून?" प्रश्न न्याय्य आहे, उत्तरही सरळ द्यावें. इस्राएल हें लहान राष्ट्र. एका बाजूस मिसर, दुसऱ्या बाजूस बाबेल आणि अश्शूर, अशा मोठ्या शेजाऱ्यांच्या मधल्या वाटेवर त्याचें घर. १८७२ सालीं जॉर्ज स्मिथ नांवाच्या इंग्रज पंडितानें निनवे येथें सांपडलेल्या मातीच्या विटांवर बाबेलच्या प्रलयाची कथा वाचून दाखविली. त्या कथेंतही तारू आहे, पक्षी सोडणें आहे, आणि वादळ सहा दिवस व सात रात्रीं चालून सातव्या दिवशीं शांत होतें. सुमेर देशाच्या राजांची एक प्राचीन यादी आहे. तिच्या एका प्रसिद्ध प्रतींत प्रलयापूर्वींच्या आठ राजांनीं मिळून २,४१,२०० वर्षें राज्य केलें असें लिहिलें आहे; ही संख्या ३,६०० च्या सदुसष्टपट आहे, कारण तिकडील लोक साठानें मोजीत. आपल्या घड्याळांतील साठ मिनिटें तेथूनच आलेलीं आहेत. त्या यादींतील सातवा राजा सूर्यदेवाच्या नगरींतला. आणि उत्पत्तीच्या पांचव्या अध्यायांत आदामापासून सातवा पुरुष कोण? हनोख, त्याचें वय ३६५, सूर्यवर्षाच्या दिवसांइतकें. अक्षरांनीं संख्या लिहिण्याची पद्धतही इब्री लोकांत पुढें ग्रीकांच्या काळीं रूढ झाली. त्यापूर्वीं राजांच्या काळांतील खापरांवर ते मिसरी पद्धतीचे आंकडे लिहीत.

तेव्हां भांडीं शेजारचीं होतीं, हें कबूल करूं. त्यांत लाजण्यासारखें काय आहे? आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध. कसाराच्या दुकानीं जुनी मोड देऊन नवें भांडें आणतांना आपण पितळेची जात विचारतों. तें पितळ पूर्वीं कोणाच्या घरच्या घागरींत होतें, हें विचारीत नाहीं. भट्टींत गेल्यावर त्याचा पूर्वीचा आकार जातो. पाहावयाचें तें हें कीं, नव्या भांड्याचा आकार कोणी दिला आणि त्यांत काय भरलें.

हें दृष्टांतानें नव्हे, प्रमाणानें दाखवितों. बाबेलच्या प्रलयकथेंत देव माणसांच्या गोंगाटानें कंटाळून प्रलय आणतात. आपल्या शास्त्रांत पृथ्वी जुलुमानें भरली म्हणून प्रलय येतो. तेथें राग झोपमोडीचा, येथें अन्यायाचा. सुमेरच्या राजांस हजारों वर्षें दिलीं. आपल्या शास्त्रांत सर्वांत दीर्घायुषी मथुशलह ९६९ वर्षें जगून मरण पावतो. एकही माणूस हजाराचा उंबरठा ओलांडीत नाहीं. राजा असो, कुलपति असो, माणूस तो माणूस. आणि सात? बाबेलच्या पंचांगांत महिन्याचे सातवा, चौदावा, एकोणिसावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा हे दिवस अशुभ मानीत. त्या दिवशीं राजानें अमुक खाऊं नये, रथांत बसूं नये, असे निर्बंध होते. तो भयाचा दिवस, आणि राजाच्या रक्षणाचा. तोच सात इस्राएलाच्या हातीं आला आणि पहा काय झालें: तो विसाव्याचा दिवस झाला, आणि विसांवा राजास नव्हे, तर दासास, दासीस, परक्यास, बैलास आणि गाढवासही. भयाची संख्या दयेची झाली. हें उसनें घेणें नव्हे. हें उद्धरणें आहे.

हा सातवा दिवस आपल्या महाराष्ट्रांत फार पूर्वीं येऊन पोहोंचला होता, हें कित्येकांस ठाऊक नसेल. कोंकणांत अलिबागेजवळ नवगांव येथें जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. त्या परंपरेंतही सातच आहेत, हें लक्षांत घ्या. हे लोक मराठी बोलूं लागले, गांवोगांव तेलाचे घाणे चालवूं लागले. आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. त्यांच्यापाशीं शतकानुशतकें शास्त्राचा ग्रंथ नव्हता. पण सातवा दिवस होता. ग्रंथ हरवला तरी मोजणी हरवली नाहीं, आणि त्या मोजणीनें त्यांस ओळख राखून दिली. पुढें १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांपैकीं बहुतेक तिकडे गेले, तरी मराठी बरोबर घेऊन गेले. कोंकणच्या घाण्याचा तो बैल दर शनिवारीं मोकळा उभा राहिला असेल. मोशेच्या नियमशास्त्राची याहून साधी आणि खरी टीका मला ठाऊक नाहीं.

आपल्या घरचाही एक दाखला आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज होते. त्यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत जुन्या कराराचीच कथा आहे. ओवी त्यांनीं कोठून घेतली? आपल्या संतांच्या मुलखांतून. स्वर्गास त्यांनीं 'वैकुंठ' म्हटलें. म्हणून कोणी शुभवर्तमान उसनें झालें असें म्हणेल काय? एका परकी धर्मगुरूनें मराठी भांड्यांत ख्रिस्ताचें अमृत भरलें. तसेंच पवित्र आत्म्यानें इब्री लेखकांच्या हातून बाबेलच्या आणि मिसरच्या भांड्यांत आपलें अमृत भरलें. ही माझी पदरची मति नव्हे. १९४३ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं आणि १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें स्पष्ट शिकविलें आहे कीं, पवित्र लेखकास काय म्हणावयाचें होतें हें समजण्यासाठीं त्याच्या काळाच्या व देशाच्या बोलण्या-लिहिण्याच्या रीति अभ्यासिल्या पाहिजेत. माझ्या तरुण मित्रा, तुझा प्रश्न ख्रिस्तसभेनें आधींच आपल्या हातीं घेतलेला आहे.

आतां त्या वृद्ध शेतकऱ्याकडे वळतों. इब्री लिपींत प्रत्येक अक्षर हें संख्याही आहे: अलेफ एक, बेथ दोन, योद दहा, कोफ शंभर. आपल्या जुन्या ताम्रपटांत आणि ज्योतिषग्रंथांत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, असें शब्दांनीं वर्ष सांगत. त्याच जातीची ही युक्ति. तिच्यांतही भक्तिभाव असे. पंधरा लिहावयाचे तर दहा आणि पांच ह्यांचीं अक्षरें एकत्र येऊन परमेश्वराच्या पवित्र नांवाचा भाग होतो. म्हणून यहुदी लोक नऊ आणि सहा लिहितात. संत मत्तयानें प्रभूची वंशावळि चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत मांडली. दावीद ह्या नांवाचीं तीन इब्री अक्षरें चार, सहा आणि चार, म्हणजे मिळून चौदा. मुलाच्या वंशावळींत बापाचें नांव संख्येनें कोरलें आहे.

हीच युक्ति ६६६ मध्यें आहे. 'नेरोन कैसर' हें नांव इब्री अक्षरांत लिहून बेरीज करा: पन्नास, दोनशें, सहा, पन्नास, शंभर, साठ, दोनशें. एकूण ६६६. नेरो हा रोमचा सम्राट. त्यानें ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ केला. छळाच्या काळीं सम्राटाचें नांव उघड लिहिणें म्हणजे मरण. म्हणून श्रोत्यांस समजेल आणि हेरांस समजणार नाहीं, अशा रीतीनें तें लिहिलें असावें, असें बहुतेक विद्वान मानतात. कित्येक प्राचीन प्रतींत ६६६ च्या जागीं ६१६ आहे. दुसऱ्या शतकांतील संत इरेनेयस ह्यांस हा पाठभेद ठाऊक होता, आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मिसरांतील एका जुन्या पपायरसाच्या तुकड्यांतही ६१६ च आहे. 'नेरोन' मधला शेवटचा नकार काढा, पन्नास कमी होतात, आणि ६१६ उरतात. म्हणजे ज्या संख्येनें माझ्या शेतकऱ्याची बांधी गेली, ती संख्या भिण्यासाठीं लिहिलेलीच नव्हती. छळानें गांजलेल्या गरीब लोकांस धीर देण्यासाठीं लिहिलेली ती खूण होती: हा राक्षसही माणूसच आहे, त्याला मोजतां येतें, आणि जें मोजतां येतें तें संपतें. हें मला त्या दिवशीं पांच मिनिटें बसून सांगतां आलें असतें.

ह्यावरून एक नियम आपण गांठीस बांधूं. संख्या आपणांस देवाकडे आणि शेजाऱ्याकडे नेत असेल तर ती शास्त्राची. भय, लोभ किंवा फुशारकी यांकडे नेत असेल तर ती बाबेलची. पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून शिष्यांनीं जाळें टाकलें, तेव्हां त्यांत १५३ मासे आले. संत ऑगस्टिन दाखवितात कीं, एकापासून सतरापर्यंत बेरीज केली असतां १५३ होतात, आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा व पवित्र आत्म्याचीं सात दानें. ह्या मननांत भक्ति आहे. परंतु त्यांनीं त्यावरून कोणास जगाचा अंत विकला नाहीं. जगाच्या अंताचा दिवस व घटका पित्यावांचून कोणासही ठाऊक नाहीं, असें खुद्द प्रभूनें सांगितलें आहे. त्याहून अधिक ठाऊक असल्याचें जो सांगतो, त्याच्या पत्रकाची किंमत तुम्हींच ठरवा.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत नियम आहे: सात वर्षें सातदां मोजावीं, एकूणपन्नास, मग पन्नासावें वर्ष पवित्र करावें. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, मेंढ्याचें शिंग फुंकावें. त्या शिंगास इब्री भाषेंत 'योबेल' म्हणत. आपला 'जुबिली' हा शब्द त्या शिंगाचा नाद आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ मालकाच्या घरीं परत जाई. गरीबीमुळें चाकरीस विकला गेलेला भाऊ मोकळा होई. एवढेंच नव्हे, जमीन विकतांना जुबिलीस किती वर्षें उरलीं हें मोजून किंमत ठरवावी. वर्षें अधिक तर किंमत अधिक, वर्षें थोडीं तर किंमत थोडी. म्हणजे विकली जाते ती जमीन नव्हे, तर पिकांची संख्या. जमीन देवाची आहे. आपण तिच्यावर पाहुणे आहोंत.

हा नियमही अगदीं नवा नव्हता. हम्मुराबीच्या वंशांतील अम्मिसदूका नांवाच्या बाबेलच्या राजाचें, ख्रिस्तापूर्वीं सतराव्या शतकांतील, कर्जमाफीचें फर्मान सांपडलें आहे. मुक्ततेला तेथें जो शब्द होता, त्याचाच सख्खा भाऊ इब्री शास्त्रांत 'देरोर' ह्या रूपानें आला आहे. मग इस्राएलानें निराळें काय केलें? बाबेलांत राजाची मर्जी झाली, तो गादीवर बसला, म्हणजे माफी मिळे. मर्जी न झाली तर गरीबानें वाट पाहावी. शास्त्रानें ती दया राजाच्या मर्जींतून काढली आणि मोजणींत घातली. सातदां सात, आणि पुढें एक. आतां कोणाच्या पायां पडावयास नको, लहान पोरानेंही बोटांवर मोजावें आणि सांगावें, "बाबा, शिंग वाजण्यास इतकीं वर्षें उरलीं." आजीबाई, पन्नास कां, तें हें. देवास अठ्ठेचाळीस नावडते असें नाहीं. पण गरीबाला तारीख ठाऊक असावी, म्हणून देवानें मोजून दिलें.

हा नियम पाळणें माणसांस किती जड गेलें, हेंही शास्त्र लपवीत नाहीं. देशभर असें पन्नासावें वर्ष पाळल्याची हकीकत जुन्या करारांत कोठें आढळत नाहीं. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायांत आहे कीं, शत्रूचा वेढा पडला तेव्हां सिद्कीया राजाच्या वेळीं धनिकांनीं आपले इब्री दास सोडले. मग त्यांनीं पस्तावून त्यांस पुन्हां धरून आणलें, आणि संदेष्ट्यानें त्यांस कडक शब्दांत धिक्कारलें. म्हणूनच नासरेथच्या सभास्थानांत प्रभु येशूनें यशयाचा ग्रंथ हातीं घेतला आणि बंदिवानांची मुक्तता व प्रभूचें कृपावर्ष ह्यांविषयींचा भाग वाचून, तें आजच पूर्ण झालें असें सांगितलें, तेव्हां त्याचा अर्थ श्रोत्यांस पुरता कळला. पुढें ख्रिस्तसभेनें १३०० सालीं पोप आठवे बोनिफेस ह्यांच्या हस्तें पहिलें पवित्र वर्ष पाळलें. नंतर तें पन्नास आणि मग पंचवीस वर्षांनीं येऊं लागलें. २०२५ हें वर्षही तसेंच पाळण्यांत आलें. शिंग थांबलेलें नाहीं.

आणखी एकच संख्या, आणि मी पुरें करतों. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत लामेख फुशारकी मारतो कीं, माझा सूड सत्त्याहत्तरपट घेतला जाईल. कित्येक शतकांनंतर पेत्रानें प्रभूस विचारलें, भावाला किती वेळां क्षमा करूं, सात वेळां काय? प्रभूनें उत्तर दिलें तें सातावर सत्तर चढवून. सूडाची संख्या होती तीच क्षमेची झाली. बाबेलचा सात आणि लामेखाचा सात, दोन्ही त्याच्या हातीं येऊन शुद्ध झाले. संख्या तीच, माणूस बदलला.

आतां आपलें काय? चर्चच्या कोठींतून बियाण्यासाठीं उसनें नेलेलें धान कांहीं कुटुंबांच्या नांवें वहींत वर्षानुवर्षें चढत आलें आहे. एका वर्षीं पाऊस रुसला, दुसऱ्या वर्षीं वैनगंगेचें पाणी बांध्यांत शिरलें, तिसऱ्या वर्षीं घरांत दुखणें आलें. त्यांपैकीं कित्येकजण ह्या वहीच्या लाजेनें मिस्सास येतांना मागच्या दारानें येतात, हें मला ठाऊक आहे. धर्मग्रामाच्या समितीनें एकमतानें ठरविलें आहे कीं, महोत्सवाच्या दिवशीं मिस्साबलिदानानंतर तीं सर्व पानें रद्द करावीं. कोणाचें नांव वाचलें जाणार नाहीं. पुढल्या पेरणीस कोठी पुन्हां सर्वांस सारखीच उघडी राहील.

समितीचें काम तेवढें झालें. घरोघरचें उरलें आहे. आपल्यापैकीं कोणी भावाची बांधी गहाण धरली असेल, कोणी बहिणीचा वांटा दाबला असेल, कोणी वीस वर्षांपूर्वींच्या शब्दासाठीं शेजाऱ्याशीं बोलणें टाकलें असेल. मी कोणाकडे बोट दाखवीत नाहीं. माझ्या स्वतःच्या वहींत एका म्हाताऱ्याची बांधी लिहिलेली आहे, आणि ती मला परत करतां येत नाहीं. मीं त्यास भेटून क्षमा मागितली. तो म्हणाला, "बाबा, तुमीं आतां सांगितलें ना, झालें तर मग." त्यानें कांहींच मोजलें नाहीं. तुमच्या वहींत जें असेल तें अद्याप परत करण्यासारखें असेल, तर येत्या रविवारपर्यंत करा. दाराला तोरणें आपण बांधूंच. परंतु ज्या घरांत एकही कर्ज, एकही वैर सुटलें नाहीं, त्या घरीं पन्नासावें वर्ष आलेंच नाहीं, असें समजा.

ज्या परमेश्वरानें सर्व कांहीं माप, संख्या आणि वजन ह्यांनीं नेमून दिलें, असें ज्ञानग्रंथ सांगतो, तो आपले दिवस मोजतो, आपले अश्रु मोजतो, आणि आपल्या डोक्यावरचे केसही त्याच्यापाशीं मोजलेले आहेत. पण पश्चात्तप्त माणसाचीं पापें मात्र तो मोजीत बसत नाहीं. पवित्र माता मारिया आपणांसाठीं विनंति करो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्या एकाच देवाचा आशीर्वाद ह्या धर्मग्रामावर, तुमच्या शेतांवर आणि तुमच्या मुलांबाळांवर राहो. आमेन.